कोअरबूटवर डिस्कचा संपर्क तुटतो तेव्हा: दोष शोधण्याची क्रमवार रीत

कोअरबूट हे मुक्त फर्मवेअर (मशीन सुरू होताच हार्डवेअर उभं करणारा, कारखान्याच्या बायोसच्या जागी बसणारा प्रोग्रॅम) चढवल्यानंतर डिस्कच्या तक्रारी साधारण तीन प्रकारे पुढे येतात. मशीन सुरू होतं, पण बूट करायला डिस्कच सापडत नाही. पुन्हा सुरू केलं की बिनबोभाट चालतं. दुसरा प्रकार म्हणजे तासभर नीट काम केल्यावर सगळं एकाएकी गोठतं आणि फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरती उरते. तिसऱ्या प्रकारात लॅपटॉपचं झाकण मिटून उघडल्यावर डिस्क परतच येत नाही. या तिन्हींना लोक ‘कोअरबूटमुळे डिस्क जाते’ असं एकच नाव देतात आणि शोध तिथेच भरकटतो. तिन्हींची कारणं वेगळी असतात आणि उपायही वेगळे.

म्हणून इथली रीत एका प्रश्नापासून सुरू होते: संपर्क तुटला त्या क्षणी डिस्कशी कोण बोलत होतं? त्याचं उत्तर मिळाल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा तपासायचं. केबल, कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि रॉम (चिपवर लिहिलेलं फर्मवेअर) एकाच बैठकीत बदलले आणि त्रास थांबला, तर तो कशाने थांबला हे कधीच कळत नाही. पुढच्या महिन्यात तो परत आला की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

एक खुलासा. आज्ञा, सेटिंगची नावं आणि लॉगमधल्या ओळी मी देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. ठिपके, अंडरस्कोर, बरोबरची खूण जागच्या जागी ठेवायच्या.

पहिलं काम: डेटा बाहेर काढा

डिस्क अधूनमधून सुटत असेल, तर तिच्यावर लिहिणारं कोणतंही काम धोक्याचं आहे. लिहिणं अर्ध्यात असताना लिंक (डिस्क आणि मशीन यांच्यातली जोडणी) तुटली तर फाइलसिस्टिमची रचनाच बिघडू शकते. नवखे लोक घाबरून सगळ्यात आधी एफएससीके चालवतात. तसं करू नका. दुरुस्ती करणारा प्रोग्रॅम डिस्कवरून चुकीचं वाचेल, त्या वाचनावर विसंबून नवं काहीतरी लिहील, आणि जे वाचवता आलं असतं तेही जाईल. आधी लिंक स्थिर करा, फाइलसिस्टिमची दुरुस्ती नंतर.

शक्य असेल तर डिस्क काढून दुसऱ्या, भरवशाच्या मशीनला लावा आणि तिथे डेटा उतरवून घ्या. वाचताना चुका येत असतील तर साध्या कॉपीऐवजी डीडीरेस्क्यू वापरा. तो वाचता येणारा भाग आधी उचलतो, अडणाऱ्या जागा नोंदवून ठेवतो आणि त्यांच्याकडे मागाहून वळतो.

फर्मवेअरचाही बॅकअप हवाच. फर्मवेअर जिच्यात असतं ती फ्लॅश चिप निदान दोनदा वाचा, दोन्ही फायलींचे शा२५६ बेरीज-आकडे जुळतात का बघा, आणि ती फाइल या मशीनबाहेर ठेवा. कारखान्यातून आलेलं मूळ फर्मवेअर जपून ठेवलं असेल तर फारच चांगलं. तुलना करायला ते पुढे लागेल.

डिस्कशी बोलणारे तिघे

कोअरबूटचा जन्म १९९९ साली लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत ‘लिनक्सबायोस’ या नावाने झाला. २००८ मध्ये नाव बदललं. त्यामागची कल्पना आजही तीच आहे: फर्मवेअरने हार्डवेअर जेमतेम उभं करायचं आणि बाकीचं काम दुसऱ्याच्या हाती द्यायचं. हा ‘दुसरा’ म्हणजे पेलोड: सीबायोस, ग्रब, ईडीके२ किंवा थेट लिनक्स कर्नल.

आपल्या प्रश्नासाठी याचा अर्थ असा, की कोअरबूट स्वतः डिस्कवरून एक अक्षरही वाचत नाही. सॅटा (डिस्क जोडण्याची नेहमीची पद्धत) कंट्रोलर एएचसीआय या प्रमाणित पद्धतीत ठेवणं, कोणते पोर्ट चालू आहेत हे नोंदवणं, सिग्नल किती जोराने पाठवायचा यासारखी विद्युत सेटिंग भरणं, एवढं काम करून ते बाजूला होतं. पहिलं वाचन पेलोड करतं, आपल्या स्वतःच्या ड्रायव्हरने. पुढे लिनक्स कर्नल येतो, लिंक नव्याने रीसेट करतो आणि वेग पुन्हा ठरवून घेतो.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की कर्नल लिंक रीसेट करतो, पण फर्मवेअरने भरलेली सगळी सेटिंग तो बदलत नाही. इंटेलच्या चिपसेटमध्ये ‘कोणते पोर्ट अस्तित्वात आहेत’ ही नोंद बूटच्या वेळी एकदाच लिहिता येते आणि कर्नल ती जशीच्या तशी मानतो. सिग्नलच्या विद्युत सेटिंगला तर तो हातच लावत नाही. म्हणून मशीन सुरू होऊन दोन तास झाल्यावर आलेल्या बिघाडाचं मूळही फर्मवेअरमध्ये असू शकतं. उलट, बूट होतानाच डिस्क सापडली नाही तर त्यात कोअरबूटचा काहीच दोष नसून पेलोडने पुरेशी वाट पाहिली नाही, असंही निघतं.

बिघाडाची वेळ टिपा

अवजारं हातात घेण्यापूर्वी चार गोष्टी करून बघा आणि कागदावर लिहा. मशीन पूर्ण बंद करून, प्लग काढून, जरा थांबून सुरू केल्यावर काय होतं? चालू असताना नुसतं रीबूट केल्यावर? झोपवून उठवल्यावर? आणि चालू असताना डिस्कवर सलग जोराचं वाचन केल्यावर?

पूर्ण बंद करून सुरू केल्यावर डिस्क सापडत नाही, पण रीबूट केल्यावर सापडते, अशी स्थिती असेल तर संशय वेळेवर किंवा विजेवर जातो: डिस्क तयार व्हायच्या आत पेलोडने तिला विचारलं. उलट, थंड सुरुवात नीट आणि रीबूट बिघडतो, तर डिस्क किंवा कंट्रोलर आधीच्या अवस्थेतून नीट रीसेट होत नाही. फक्त झोपेनंतर बिघडत असेल तर जागं होतानाची फर्मवेअरची वाट तपासायची. आणि भार पडल्यावर बिघडत असेल तर केबल, कनेक्टर, वीज आणि लिंकचा वेग.

जोराच्या वाचनासाठी यूएसबीवरून लाइव्ह लिनक्स सुरू करा आणि डिस्कवर ‘बॅडब्लॉक्स -एसव्ही’ चालवा. या रूपात तो फक्त वाचतो. त्याला ‘-डब्ल्यू’ हा पर्याय कधीही जोडू नका; त्याने डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. लाइव्ह यूएसबीचा मोठा फायदा म्हणजे डिस्क गायब झाली तरी सिस्टिम जिवंत राहते.

हा मुद्दा लॉगसाठी फार मोलाचा आहे. ज्या डिस्कवर लॉग लिहिला जातो तीच सुटली, तर नेमक्या त्या क्षणाच्या ओळी कुठेच उरत नाहीत, आणि रीस्टार्टनंतर जर्नल चाळून काही हाती लागत नाही. लाइव्ह यूएसबी वापरायची नसेल तर दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने आत शिरा आणि ‘डीमेसेज -डब्ल्यू’ आधीच चालू करून ठेवा. तो प्रोग्रॅम मेमरीत बसलेला असतो, त्यामुळे डिस्क गेल्यावरही नव्या ओळी दुसऱ्या पडद्यावर येत राहण्याची चांगली शक्यता असते.

लॉग कसा वाचायचा

कर्नलच्या लॉगमध्ये ‘एएचसीआय’ शोधा. कंट्रोलरची ओळख करून देणारी एक ओळ दिसेल. तिच्यात किती पोर्ट, कमाल वेग किती, आणि ‘इम्पल’ या शब्दाआधी एक षोडशमान आकडा असतो. हा आकडा म्हणजे फर्मवेअरने चालू केलेल्या पोर्टांची यादी. ०एक्स७ म्हणजे ०, १, २ हे पोर्ट. ०एक्स१३ म्हणजे ०, १ आणि ४. तुमची डिस्क ज्या पोर्टला जोडली आहे तो या यादीतच नसेल तर केबल बदलून काही होणार नाही. फर्मवेअरने तो पोर्ट उघडलेलाच नाही. ऑप्टिकल ड्राइव्हच्या जागी कॅडीत बसवलेली दुसरी डिस्क, डॉकमधली डिस्क किंवा एमसॅटा कार्ड दिसत नसेल, तर ही ओळ सगळ्यात आधी बघावी.

इथे एक ठेच हमखास लागते. कर्नल मोजणी १ पासून करतो, फर्मवेअर ० पासून. एकच कंट्रोलर असेल तर लॉगमधला ‘एटीए१’ म्हणजे फर्मवेअरचा पोर्ट ०. हे विसरून चुकीच्या पोर्टची सेटिंग बदलली की कितीही प्रयोग केले तरी फरक दिसत नाही.

त्यानंतरची ओळ ‘सॅटा लिंक अप ६.० जीबीपीएस (एसस्टेटस १३३ एसकंट्रोल ३००)’ अशा धर्तीची असते. एसस्टेटसचे तीन अंक उजवीकडून वाचा. शेवटचा अंक ३ म्हणजे डिस्क सापडली आणि संवाद जुळला. १ म्हणजे पलीकडे कुणीतरी आहे पण संवाद जुळत नाही. ० म्हणजे काहीच नाही. मधला अंक वेग सांगतो: १ म्हणजे १.५, २ म्हणजे ३, आणि ३ म्हणजे ६ गिगाबिट. पहिला अंक १ म्हणजे लिंक पूर्ण जागी. शेवटचा अंक १ वर अडला असेल तर सिग्नलचा संशय घ्यायला जागा आहे. ० असेल तर आधी वीज आणि केबल.

बिघाड होताना दिसणाऱ्या ओळींपैकी या लक्षात ठेवा. ‘हार्ड रीसेटिंग लिंक’ म्हणजे कर्नलने संवाद मोडून पुन्हा सुरू केला. ‘कॉमरीसेट फेल्ड’ म्हणजे हाक मारली, पण पलीकडून उत्तर आलं नाही. ‘लिंक इज स्लो टू रिस्पॉन्ड’ बहुधा फिरणाऱ्या डिस्कला वेग घ्यायला वेळ लागतोय असं सांगते. ‘लिमिटिंग सॅटा लिंक स्पीड टू ३.० जीबीपीएस’ ही ओळ तर हाती आलेला पुरावाच: वारंवार चुका झाल्यामुळे कर्नलने आपणहून वेग उतरवला.

‘एसएरर’ पुढच्या महिरपी कंसात ‘बॅडसीआरसी’ किंवा ‘१०बी८बी’ असे शब्द असतील तर डेटा तारेवरून जाताना खराब होतोय. सॅटा प्रत्येक ८ बिटांसाठी तारेवर १० बिट पाठवतं. ठरावीक नमुन्यांबाहेरचा नमुना आला की ‘१०बी८बी’ची चूक नोंदली जाते. म्हणजे डिस्कची आतली स्मृती नव्हे, वाट दोषी.

याला जोड म्हणून ‘स्मार्टसीटीएल -ए’ चालवा; तो डिस्कने स्वतः ठेवलेल्या आरोग्याच्या नोंदी दाखवतो. १९९ क्रमांकाची नोंद, यूडीएमए सीआरसी एरर काउंट, ही वाटेतल्या चुकांची संख्या. ५, १९७ आणि १९८ या नोंदी डिस्कच्या आतल्या खराब जागांच्या. १९९ वाढतेय आणि बाकीच्या तीन शून्यावर स्थिर, तर डिस्क ठीक आहे, केबल ते कंट्रोलर हा पट्टा तपासायचा. १९७ वाढतेय तर फर्मवेअरशी झटापट करण्यात अर्थ नाही, डिस्क बदला. १९९चा आकडा कधीच कमी होत नाही, त्यामुळे जुन्या डिस्कवर मोठा आकडा दिसला म्हणून दचकू नका; आजचा आकडा लिहून ठेवा आणि चाचणीनंतर तो वाढला का, एवढंच बघा.

फर्मवेअरचा स्वतःचा लॉगही मिळतो. ‘सीबीमेम -१’ ही आज्ञा शेवटच्या बूटचा कोअरबूटचा लॉग दाखवते. पेलोड त्यात लिहीत असेल तर त्याच्याही ओळी दिसतात. परवानगी नाकारली गेली तर कर्नलला ‘आयओमेम=रिलॅक्स्ड’ हा पर्याय देऊन मशीन पुन्हा सुरू करा. काम झालं की तो काढून टाका, कारण तो एक संरक्षण सैल करतो.

केबल, कनेक्टर, वीज

फर्मवेअर बदललं त्याच दिवशी त्रास सुरू झाला, म्हणून दोष फर्मवेअरचाच असं वाटणं साहजिक आहे. पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट झालेली असते: चिपपर्यंत पोचायला मशीन उघडलं, तळहात टेकायची पट्टी काढली, केबली सोडवल्या, कदाचित डिस्कही काढली. फ्लॅश करताना हललेला कनेक्टर हे खरोखर वारंवार आढळणारं कारण आहे.

म्हणून डिस्क पूर्ण काढून पुन्हा बसवा. लॅपटॉपमध्ये डिस्कच्या बाजूचे रबर किंवा स्क्रू जागेवर आहेत का बघा. ते नसतील तर डिस्क कनेक्टरवर लटकते आणि तापल्यावर किंवा हलल्यावर संपर्क सुटतो. चपट्या फितीसारखी केबल असेल तर तिची घडी आणि कुलूप तपासा. डेस्कटॉपवर केबल बदलून बघा, आणि ती शक्य तेवढी आखूड ठेवा. सॅटाच्या अंतर्गत केबलची मर्यादा १ मीटर आहे. कॅडी, अडॅप्टर, जोडकेबल असं जे काही मधे असेल ते चाचणीपुरतं काढून डिस्क थेट मुख्य पोर्टला लावा. प्रत्येक जास्तीचा सांधा सिग्नल थोडा क्षीण करतो, १.५ गिगाबिटला ते चालून जातं, ६ ला जात नाही.

विजेचं पारडंही हलकं धरू नका. अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते, साडेतीन इंचीला १२ व्होल्टही लागतात आणि वेग घेताना ती सर्वांत जास्त प्रवाह ओढते. एकाच तारेवरून फाटे फोडून अनेक डिस्क चालवत असाल तर एकेक काढून बघा. एक विशेष प्रकार: बाहेरच्या डबीतून काढलेल्या काही डिस्क साध्या पीएसयूवर (संगणकाच्या वीजपुरवठ्यावर) फिरतच नाहीत. सॅटा ३.३ पासून वीजजोडणीची ३ नंबरची पिन डिस्क बंद ठेवण्यासाठी वापरता येते, आणि जुन्या पीएसयूत त्या पिनवर सतत ३.३ व्होल्ट असतात. अशी डिस्क कोणत्याच फर्मवेअरला दिसणार नाही.

काही दोष तर सिलिकॉनमध्येच असतात. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने जाहीर केलं, की त्यांच्या ६ मालिकेच्या चिपसेटमधले ३ गिगाबिटचे पोर्ट, म्हणजे २ ते ५, काळाच्या ओघात बिघडू शकतात. ६ गिगाबिटचे पोर्ट ० आणि १ त्यातून वाचले होते. बी३ या सुधारित आवृत्तीत दोष दूर झाला. त्या काळातला जुना बोर्ड तुमच्याकडे असेल तर डिस्क पोर्ट ० वर हलवून बघणं ही फुकटची चाचणी आहे.

वेग उतरवून बघा

माझ्या मते या सगळ्या शोधातली सर्वांत उपयोगी चाचणी ही. कर्नलच्या बूट पर्यायांत ‘लिबएटीए.फोर्स=१:३.०जीबीपीएस’ असं लिहा. यातला १ म्हणजे एटीए१. मशीन सुरू करा, लॉगमध्ये वेग खरोखर उतरला का ते एसस्टेटसवरून पडताळा, आणि आधीचीच वाचनाची चाचणी पुन्हा चालवा.

त्रास थांबला तर निदान जवळजवळ झालंच: ६ गिगाबिटवर सिग्नलची गुणवत्ता पुरत नाही. हे कारखान्याच्या फर्मवेअरवर न होता कोअरबूटवरच का व्हावं? कारण बोर्ड बनवणारा आपल्या बोर्डवरच्या तारांची लांबी आणि वळणं मोजून सिग्नलचा जोर आणि आकार ठरवतो, आणि ते आकडे त्याच्या फर्मवेअरमध्ये असतात. कोअरबूट त्या बोर्डसाठी जुळवून घेणाऱ्या व्यक्तीकडे ती मोजमापं बहुधा नसतात. तिने चिपसेटची सर्वसाधारण मूल्यं ठेवलेली असतात. बहुतेक डिस्क त्यावर चालतात, एखादी निवडक एसएसडी अडते. म्हणून ‘माझ्याकडे तर चालतं’ हे दुसऱ्याचं म्हणणंही खरं असतं आणि तुमची तक्रारही.

वेग उतरवल्याने नुकसान किती? ६ गिगाबिटला कमाल सुमारे ६०० मेगाबाइट प्रति सेकंद मिळतात, ३ ला ३००. मोठ्या फायली हलवताना फरक जाणवेल. रोजच्या वापरात छोटी छोटी वाचनं जास्त असतात आणि तिथे तो फारसा कळत नाही. स्थिर ३ गिगाबिट मला डगमगणाऱ्या ६ पेक्षा केव्हाही पसंत आहे, आणि हा उपाय कायमचा ठेवण्यात कमीपणा नाही. एक मर्यादा मात्र आहे: हा पर्याय कर्नलपुरताच, पेलोड डिस्क वाचत असतो तेव्हा तो लागू नसतो.

वेग उतरवूनही फरक पडला नाही आणि लॉगमध्ये ‘फेल्ड कमांड: रीड एफपीडीएमए क्यूड’ अशा ओळी असतील, तर ‘लिबएटीए.फोर्स=१:नोएनसीक्यू’ (आज्ञा रांगेत पाठवणं बंद) करून बघा. काही एसएसडींच्या स्वतःच्या फर्मवेअरमध्ये रांगेतल्या आज्ञा हाताळताना दोष असतात. कर्नलमध्ये अशा डिस्कची एक यादीच ठेवलेली आहे. त्याने थांबलं तर डिस्कचं फर्मवेअर अद्ययावत करा.

वीजबचतीचे पर्याय

मशीन निवांत असताना डिस्क सुटते, काम चालू असताना नाही, असं असेल तर लिंकची वीजबचत तपासा. ‘/सिस/क्लास/एससीएसआय_होस्ट/होस्ट०/लिंक_पॉवर_मॅनेजमेंट_पॉलिसी’ या फाइलमध्ये सध्याचं धोरण दिसतं. तिथे रूट म्हणून ‘मॅक्स_परफॉर्मन्स’ लिहा आणि एक दिवस वापरून बघा. ‘मिन_पॉवर’ तर टाळाच. कर्नलच्या सेटिंगमध्येच त्याने काही डिस्कवरचा डेटा खराब होतो असा इशारा दिलेला आहे. बॅटरीवर गेल्यावरच बिघडत असेल तर टीएलपीसारखा वीज वाचवणारा प्रोग्रॅम हे धोरण परस्पर बदलतोय का बघा.

बूट होतानाच डिस्क न सापडणं

कोअरबूट वेगवान आहे आणि इथे तेच अडचणीचं ठरतं. कारखान्याचं फर्मवेअर लोगो दाखवत काही सेकंद घालवायचं, तेवढ्यात फिरणारी डिस्क वेगावर यायची. कोअरबूट पेलोडला क्षणात हाक मारतं आणि डिस्क अजून फिरायला लागलेली असते.

सीबायोस असेल तर बूट मेन्यूची वाट पाहण्याचा काळ वाढवा. त्यासाठी रॉममध्ये ‘ईटीसी/बूट-मेन्यू-वेट’ नावाची फाइल सीबीएफएसटूलने (रॉममधल्या फायली हाताळणाऱ्या प्रोग्रॅमने) घालतात. तिच्यातला आकडा मिलिसेकंदांत असतो. नंतर सुरू करताना एस्केप दाबून मेन्यूत डिस्कचं नाव आलं का बघा.

ग्रब पेलोड असेल तर मेन्यूवर ‘सी’ दाबून आज्ञापट्टीवर जा आणि ‘एलएस’ लिहा. एएचसीआय० अशी नावं दिसली तर डिस्क सापडली आहे, आणि अडचण विभाजनाच्या (पार्टिशनच्या) नावात किंवा ग्रबच्या सेटिंगमध्ये आहे. काहीच दिसलं नाही आणि काही सेकंदांनी पुन्हा लिहिल्यावरही दिसलं नाही, तर खालच्या ‘डिव्हाइसट्रीत हात घालणं’ या पायरीकडे वळा.

एनव्हीएमईवरून (सॅटाऐवजी पीसीआय एक्स्प्रेसने जोडलेल्या एसएसडीवरून) बूट करायचं असेल तर पेलोडला ती भाषा येते का हे आधी बघा. सीबायोसला ती २०१७ च्या १.११ आवृत्तीपासून येते. ग्रबच्या बाबतीत कोअरबूटवर आधारलेल्या लिब्रेबूट प्रकल्पाने स्वतःचा एनव्हीएमई ड्रायव्हर जोडून घेतला, कारण मूळ ग्रबमध्ये तो नव्हता. अशा ठिकाणी डिस्क ‘अस्थिर’ नसते, वाचणाऱ्यालाच तिची ओळख नसते.

डिव्हाइसट्रीत हात घालणं

इथवर येऊन कारण फर्मवेअरकडे बोट दाखवत असेल तरच ही पायरी. कोअरबूटच्या मूळ संचात (सोर्स कोडमध्ये) मेनबोर्डच्या फोल्डरमध्ये तुमच्या बोर्डच्या हार्डवेअरची मांडणी सांगणारी ‘डिव्हाइसट्री.सीबी’ फाइल असते. काही बोर्डना जोडीला ‘ओव्हरराइडट्री.सीबी’ असते. इंटेलच्या ६ आणि ७ मालिकेच्या बोर्डांत सॅटाच्या दोन सेटिंगकडे बघा. ‘सॅटा_पोर्ट_मॅप’ म्हणजे मघाशी लॉगमध्ये पाहिलेली पोर्टांची यादी. हवा तो पोर्ट तिच्यात नसेल तर त्याचा बिट घाला. ‘सॅटा_इंटरफेस_स्पीड_सपोर्ट’ कमाल वेग जाहीर करते. १, २, ३ हे आकडे एसस्टेटसमधल्या वेगाच्याच क्रमाने. ती २ केली तर कंट्रोलर सुरुवातीपासूनच स्वतःला ३ गिगाबिटचा म्हणून सांगतो. याच मालिकेत ‘सॅटा_पोर्ट०_जेन३_टीएक्स’ हे सिग्नलचं विद्युत सेटिंग आहे. त्यात अंदाजाने आकडे भरू नका. मूळ फर्मवेअर चालू असताना रजिस्टरची (चिपसेटमधल्या सेटिंगच्या कप्प्यांची) मूल्यं कोअरबूटच्या इंटेलटूल या प्रोग्रॅमने काढून, कोअरबूटवरच्या मूल्यांशी ताडून, मगच.

नवा रॉम बांधला की सगळी चिप लिहिण्याची गरज नसते. इंटेलच्या बोर्डवर ‘फ्लॅशरॉम --आयएफडी -आय बायोस’ या पर्यायांनी फक्त बायोसचा भाग लिहा. बाहेरच्या प्रोग्रॅमरने (चिपवर थेट लिहिणाऱ्या उपकरणाने) परत फ्लॅश करायची सोय हाताशी असल्याशिवाय हे पाऊल टाकू नका. सीएच३४१ए प्रोग्रॅमर वापरत असाल तर त्याच्या सिग्नलच्या पिनांवर मीटर लावून बघा; या प्रोग्रॅमरच्या काही प्रतींमध्ये ३.३ व्होल्टच्या चिपला ५ व्होल्ट मिळतात आणि चिप, प्रसंगी चिपसेटही, खराब होऊ शकतो.

एनव्हीएमई वेगळी आहे

तिथे सॅटा नाही, पीसीआय एक्स्प्रेस आहे, त्यामुळे वरचे वेगाचे पर्याय लागू होत नाहीत. नेहमीची खूण म्हणजे ‘कंट्रोलर इज डाउन, विल रीसेट’ आणि पुढे सीएसटीएस या कंट्रोलरच्या स्थितीच्या आकड्यात सगळीकडे एफ. सगळीकडे एफ म्हणजे डिस्क बसवरूनच नाहीशी झाली, वाचायला कुणी उरलं नाही.

आधी कर्नलला ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ द्या आणि बघा. मग तो काढून ‘एनव्हीएमई_कोअर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०’ वापरून बघा. पहिल्याने थांबलं तर लिंकची वीजबचत दोषी, दुसऱ्याने थांबलं तर डिस्कच्या स्वतःच्या झोपेच्या अवस्था. पहिल्या प्रकारात कोअरबूटमध्ये एक ठरावीक कारण तपासण्याजोगं असतं: प्रत्येक स्लॉटला घड्याळाचा सिग्नल कुठून येतो आणि तो मागणारी क्लॉकरेकची तार कोणती, हे डिव्हाइसट्रीत लिहिलेलं असतं. ही जोडी चुकली असेल तर लिंक झोपेतून उठताना डिस्कला घड्याळच मिळत नाही. बोर्डचा आराखडा पाहून ती दुरुस्त करता येते; तोवर बांधणीच्या सेटिंगमध्ये ‘पीसीआयईएक्सपी_एल१_सब_स्टेट’ बंद ठेवा.

झोपेनंतर डिस्क न येणं

मशीन झोपतं तेव्हा सॅटा कंट्रोलरची वीज जाते आणि त्याची सेटिंग पुसली जातात. जागं होताना फर्मवेअरने ती पुन्हा भरायची असतात. थंड सुरुवातीत नीट चालणारी लिंक झोपेनंतर चुकत असेल, तर दोन्ही वेळचे सीबीमेमचे लॉग शेजारी ठेवून सॅटाच्या ओळी कुठे वेगळ्या पडतात ते बघा. ‘आरटीसीवेक’ने ठरावीक सेकंदांनी आपोआप जागं करता येतं, त्यामुळे चाचणी अनेकदा करणं सोपं जातं. अधूनमधून होणाऱ्या बिघाडात एकदा नीट चाललं याला काही किंमत नसते.

मदत मागताना

शेवटी प्रश्न कोअरबूटच्या विकासकांकडे न्यायची वेळ येऊ शकते. त्यांना ‘डिस्क चालत नाही’ एवढंच सांगून कुणी काही करू शकत नाही. बोर्डचं नेमकं नाव, डिस्कचं मॉडेल आणि तिच्या फर्मवेअरची आवृत्ती, कोणत्या पोर्टवर, कोणता पेलोड, कर्नलची आवृत्ती, सीबीमेमचा आणि डीमेसेजचा पूर्ण लॉग द्या. नुसत्या निवडक ओळी नकोत, कारण महत्त्वाची ओळ पुष्कळदा बिघाडाच्या बरीच आधी असते. रॉम कोणत्या सेटिंगने बांधला हे आठवत नसेल तरी हरकत नाही. कोअरबूट आपली ‘कॉन्फिग’ आणि ‘रिव्हिजन’ रॉममध्येच ठेवतं आणि सीबीएफएसटूलने ती बाहेर काढता येतात. लॉग देण्याआधी त्यातून डिस्कचा अनुक्रमांक आणि मशीनचे मॅक पत्ते काढून टाका.

आणि एक ओळ मुद्दाम लिहा: कोणत्या चाचणीने काहीच फरक पडला नाही. वेग उतरवूनही तसंच, केबल बदलूनही तसंच, मूळ फर्मवेअरवर मात्र त्रास नाही, हे वाचून विकासक अर्धी कारणं तिथल्या तिथे बाजूला काढू शकतात. तुमच्या बोर्डवर मूळ फर्मवेअर परत टाकून तीच वाचनाची चाचणी घेतली असेल तर तिचा लॉगही सोबत जोडा.